अर्धा मिनिट गप राहा

मेडिकलच्या वॉर्डात मे महिन्यात
मर्मर ऐकणं म्हणजे
वरातीत कुणाचा श्वास ऐकणं.
चार कूलर, सहा पंखे, एक सक्शनचं यंत्र,
आणि अठ्ठावीस खाटांवरचा खोकला.

आमच्या बॅचमधल्या पाच जणांनी
सतरा नंबरच्या छातीला आळीपाळीनं स्टेथो लावला.
"ऐकू आला?"
"हो मॅडम."
बोरकुटेनं तर मानही डोलवली,
समेवर डोलवतात तशी.
मागच्या आठवड्यात मीही डोलवली होती,
आठ नंबरच्या बाईंपाशी.
त्या आता तिथे नाहीत.
म्हणून असेल,
माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं,
"नाही आला."

पिंपळशेंडे मॅडम रागावल्या नाहीत.
मावशींना म्हणाल्या, "कूलर बंद करा. सगळे."
चव्वेचाळीस डिग्रीची दुपार
खिडकीतून आत येऊन बसली.
"काहून बंद केला जी?"
"लाईन गेली का?"
"पोरगी शिकून राह्यली," मावशी म्हणाल्या,
"अर्धा मिनिट गप राहा."
आणि वॉर्ड गप्प झाला.
पलीकडे कुणीतरी पदरात खोकला दाबून धरला.

सुलोचना हेडाऊ, वय छत्तीस, तांडापेठ.
हातमागावर वीस वर्षं.
जिना चढला की दम. रात्री तीन उशा.
"लहानपणी सांधे सुजले होते?"
"अकराची होती. पह्यले गुडघे, मंग मनगट.
बाप खांद्यावर बसवून शाळेत न्यायचा."
सूज उतरली, घरचे विसरले.
झडप विसरली नाही.

"डाव्या कुशीवर वळा. श्वास सोडा.
आता घेऊ नका."
आणि मला:
"घंटेची बाजू लाव. दाबू नकोस.
दाबलंस की तो जातो.
दुधावरच्या सायीवर चमचा ठेवावा, तशी ठेव.
ठोके सगळ्यांनाच ऐकू येतात.
तू मधलं ऐक."

पहिला ठोका, दार आपटावं तसा.
दुसरा आपल्या जागी.
लगेच एक टिच्,
ताठरलेल्या झडपेची कडी निघाल्यासारखी.
आणि मग
जिथे काहीच नसायला हवं तिथे,
खूप खालून,
अजनीच्या यार्डात रात्री मालगाडी हलते
तसं काहीतरी घरंगळत गेलं
आणि पुढच्या आपटण्याआधी किंचित चढलं.

रक्त.
अरुंद दारातून अंग चोरून जाणारं.

मानेवरून निघालेला घामाचा थेंब
कमरेपर्यंत पोचला. मी हलले नाही.

"आलं आयकू?" सुलोचनाबाईंनी श्वास घेत विचारलं.
"आलं."
"मंग मले बी द्या ना."

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.
नळ्या त्यांच्या कानात घातल्या,
घंटा मीच धरून राहिले.
डोळे मिटून त्या ऐकत होत्या,
स्वतःचं नव्हे, शेजारणीचं काही ऐकावं तशा.
"फणीचा ठोका बराबर आहे," त्या म्हणाल्या,
"धोटा अडकून राह्यला मधात."

मॅडमनी केसपेपरवरचं इंग्रजी वाक्य
अर्ध्यावर सोडलं.

"याले दुरुस्ती असते का जी?"
"असते. मांडीतल्या शिरेतून फुगा नेतात,
तिथे फुगवतात. दार रुंद होतं."
"फुगा?"
आणि त्या हसल्या, दम लागेपर्यंत,
जत्रेतला फुगाच जणू कुणी दाखवला.

कूलर सुरू झाले.
ओल्या वाळ्याचा वास आला,
दाबून ठेवलेला खोकला सुटला,
बॅच अठरा नंबरकडे सरकली.

मी मागे फिरले, आठ नंबरकडे.
तिथे आता दुसरंच कुणी झोपलेलं, सलाईन चालू.
घंटा ठेवली. सायीवर ठेवावी तशी.
कूलरच्या घरघरीत
काहीच ऐकू आलं नाही.

मी थांबले.